उष्ट्यावरून

रविवारी या शहरात कुठं खावं
हे भांडी घासणाऱ्याला कुणी विचारत नाही,
म्हणून न विचारता सांगतो.
शिकागोत एकोणीस वर्षं, तीन मोऱ्या.
माझ्या खिडकीत जेवण उलटं येतं :
आधी उष्टं, मग त्यावरून माणूस.
शितावरून भाताची परीक्षा होत असेल
तर उष्ट्यावरून आख्ख्या गावाची होते.

'ओडल्स' घ्या.
बाहेर दीड तासाची रांग, पारा शून्याखाली सहा,
कॉफीचे कागदी पेले लोक छातीशी धरून उभे.
तिथल्या पॅनकेकचे फोटो निघतात.
माझ्याकडे येतात तेव्हा वरचा एक थर गेलेला,
खालचे दोन पाकात भिजून फुगलेले,
आणि वर जांभळं फूल. खायचं असतं म्हणे ते.
कुणी खात नाही.
चार वर्षांत एकदाच नुसता देठ परत आला.
त्या माणसाला बघायला मी हात पुसत बाहेर गेलो,
तोवर टेबलावर दुसरे बसले होते.

मग तळ्याकाठचं 'पर्च'.
पैसे एकदाच द्यायचे, मिमोसा दुपारी तीनपर्यंत भरत राहतो.
तिथं मी काचा वेचल्या.
लिपस्टिक मशीनला दाद देत नाही,
ती अंगठ्यानंच काढावी लागते,
एकेका ग्लासावर एकेक ओठ, दिवसाला तीनशे.
एकदा नॅपकिनच्या बोळ्यात अर्धी कवळी निघाली.
वीस मिनिटांनी मागच्या दाराशी एक म्हातारे,
तोंडावर हात, बोलता येईना.
मी कपात गरम पाणी घालून ती त्यांच्यापुढं धरली,
पाठ फिरवली.
तेव्हापासून दर रविवारी एक प्लेट यायची,
पावानं पुसून काढलेली,
काटा-सुरी शेजारी शेजारी, नॅपकिनची चौकोनी घडी.
मी म्हणायचो, आले लिंडक्विस्ट साहेब.
एका मार्चमध्ये यायची थांबली.
बाकीच्या सहाशे आल्या.

आणि बोझेनाबाईंचं.
बारा टेबलं, पाटीवरचं एक अक्षर पडलेलं,
बटाट्याच्या धिरड्यांवर आंबट साय, बाजूला सफरचंदाचा गर.
प्लेटी अशा यायच्या
की घासाव्या की तशाच फळीवर मांडाव्या, प्रश्न पडावा.
पोरांनी कडासुद्धा सोडलेल्या नसत.
बाई मोरीपर्यंत येऊन प्लेटी मोजायच्या नाहीत, बघायच्या,
आणि पोलिशमध्ये काहीतरी पुटपुटून परत तव्याकडं.
पण स्वच्छ प्लेटींनी भाडं भरत नाही.
आता तिथं कुत्र्यांच्या वाढदिवसाचे केक मिळतात.
परवा बसमधून पाहिलं : काचेत तीन मजली केक,
आणि एक कुत्रा बाहेर, आपला नुसता उभा.

मी कुठं खातो?
माझा रविवार सोमवारी असतो.
सव्विसाव्या रस्त्यावरच्या कपडे धुवायच्या दुकानात
रेफुजिओताई दारामागं थंड पेटीत गरम तमाले घेऊन बसते,
हिरव्या मिरचीचे आधी संपतात.
माझे तीन ॲप्रन काचेमागं गरगरत असतात,
आम्ही सात-आठ जण, बहुतेक कुठल्या ना कुठल्या मोरीवरचे,
प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, मांडीवर मक्याचा पाला.
कुणी फोटो काढत नाही, कारण हात तुपट असतात.
खाऊन झालं की पाला टोपलीत.
घासायला काही उरत नाही.

माझी इत्सेल म्हणते, बाबा, हे सगळं लिहून काढ.
काय लिहू? मला जागा आठवतात त्या नळांवरून :
कुठला गळायचा, कुठल्याचं पाणी चटका द्यायचं.

हां, एवढं मात्र लिहून ठेवा,
घरी अंडं केलंत तर उपयोगी पडेल :
बलक वाळलेली प्लेट आधी गार पाण्यात टाका.
गरमात तो शिजतो,
मग निघता निघत नाही.